कामठ्याची थंडी आणि किमचीची बरणी



बाहेर चैत्राचे ऊन तापले आहे, मंडपाच्या कनातीला हात लावला तर चटका बसावा, आणि आम्ही बोलणार आहोत थंडीविषयी. हे काहींना विपरीत वाटेल. पण पावसाळ्याची लाकडे उन्हाळ्यातच भरावी लागतात. हिवाळ्यात जी गोष्ट करून पाहायची ती आताच ऐकून ठेवलेली बरी. दुसरेही एक आहे. कामठ्यात बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा इतिहासात शिरतो. चिमणा पटेलाचे १८१८ सालचे बंड, येथील किल्ला, येथली जमीनदारी अशी भरघोस सामग्री हाताशी असताना मुळा-कोबीच्या बरणीकडे कोण वळणार? आम्ही वळलो, याला आमची एक फजिती कारण आहे. तीच आधी सांगतो.

आमचा एक भाचा पुण्याजवळ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. त्या बाजूला कोरियन लोकांचे कारखाने आहेत, पुण्यात कोरियन खानावळी आहेत, आणि त्या लोकांच्या ताटात तिन्ही त्रिकाळ असणारी 'किमची' या आमच्या भाच्याला फार आवडली. दिवाळीला तो घरी आला तो करण्याची रीत शिकूनच. येथे चिनी कोबी मिळत नाही, म्हणून मुळा आणि आपली पत्ताकोबी घेतली. पाच किलो भाजी चिरली, मिठात घातली, मसाला चोळला. मग प्रश्न आला ठेवायची कोठे? घरातला फ्रीज लहान, तोही दुधा-दह्याने भरलेला. भाचा म्हणाला, "मामा, त्यांच्या देशात आजी-आजोबांच्या काळी फ्रीज कोठे होते? ते लोक थंडीत मडके अंगणात पुरत. आपणही पुरू." आम्हाला ही युक्ती इतकी आवडली की आम्ही त्याच दिवशी सांदवाडीत कुदळ घेऊन उतरलो. थंडी पडत चालली होती, धान कापून झाले होते, तणस हवी तेवढी होती. मानेपर्यंत मडके पुरले, भोवती तणस ठासली, वर परळ आणि दगड ठेवला. पुढे महिनाभर रोज थोडी थोडी काढून खायची, असा बेत.

सहाव्या दिवशी परळ उचलला तेव्हा जो वास आला त्याने आमच्या आत्याबाई ओसरीवरून उठून आत गेल्या. भाजी लिबलिबीत झाली होती, वर पांढरी साय धरली होती, आणि आंबटपणा असा की दात आंबावेत. बाहेर तर स्वेटर घालून फिरण्याजोगी थंडी! कोरियात तीन-चार महिने टिकणारी वस्तू कामठ्याच्या थंडीत सहा दिवसांत का उतरली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आत्याबाईंचा आक्षेप मात्र मुळातच होता. "आंबलेली भाजी माणसाने खावी का?" असे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते. या प्रश्नाला उडवून लावणे सोपे आहे, पण ते योग्य नाही, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघराचा शेकडो वर्षांचा अनुभव आहे. फक्त शब्द जरा निवडून घेतले पाहिजेत. मराठीत 'आंबणे' हा शब्द दोन तोंडांचा आहे. इडलीचे पीठ आंबले म्हणजे चांगले झाले. वरण आंबले म्हणजे फेकायचे झाले. (आणि दिवसभर रोवणी करून अंग आंबते ते वेगळेच.) पण याच्या शेजारी आपल्या भाषेने किती बारीक शब्द ठेवले आहेत पाहा. दूध विरजते, आणि नासतेही. लोणचे मुरते. फळ उतरते. शिळा भात विटतो. भाजी कुजते. या प्रत्येक शब्दामागे निराळा जंतू, निराळी क्रिया आहे, आणि सूक्ष्मदर्शक यंत्र पाहण्याच्या कितीतरी आधी आपल्या आया-आज्यांनी ती नाकाने आणि जिभेने ओळखली होती. किमची ही विरजणाच्या घरातली आहे, कुजण्याच्या नव्हे. दुधाचे दही करणारे जे दुग्धाम्लजंतू, त्यांचेच भाऊबंद मुळ्याच्या आणि कोबीच्या पानांवर मुळातच बसलेले असतात. दह्याला विरजण लावावे लागते. येथे भाजी आपले विरजण आपल्याबरोबर घेऊन येते. दूध आंबते ते जिवंत जंतूंमुळे, हे लुई पाश्चर याने १८५७ साली दाखवून दिले. त्याआधी जेम्स कूक नावाचा दर्यावर्दी १७६८ साली जगप्रवासाला निघाला तेव्हा त्याने जहाजावर खारवून आंबवलेल्या कोबीची पिंपे भरून घेतली होती. खलाशांना स्कर्व्ही होऊ नये हा त्यातला हेतू. तेव्हा ही काही कोणा एका देशाची लहर नव्हे. आपल्या पूर्वेला छत्तीसगडात रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भाताची बासी खातात, उत्तरेकडे हिवाळ्याच्या शेवटी गाजराची कांजी करतात, आणि आपल्या झाडीतले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, बारीक किसून पाण्यात ठेवल्याशिवाय वा उकळल्याशिवाय कोणी खात नाही.

आता बरणीच्या आत काय चालते ते थोडक्यात पाहू. किलोभर भाजीला २५ ग्रॅमच्या आसपास मीठ लागले की दोन कामे होतात. मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते, म्हणजे भाजी आपल्याच रसात बुडते; आणि कुजविणाऱ्या जंतूंना ती खारट वस्ती मानवत नाही. दुग्धाम्लजंतूंना मात्र ती चालते. त्यांतही पाळ्या असतात. प्रथम 'ल्यूकोनोस्टॉक' नावाची जात कामाला लागते. ती आम्ल करते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायूही करते. चांगल्या किमचीला जिभेवर जी सोड्यासारखी चुणचुण असते ती या वायूची. हा वायू बरणीतली हवा बाहेर लोटतो, त्यामुळे बुरशीलाही जागा राहत नाही. आम्ल वाढू लागले की ही पहिली मंडळी स्वतःच्याच कर्तबगारीने बेजार होतात आणि अधिक आम्ल सोसणाऱ्या 'लॅक्टोबॅसिलस' जातीचे राज्य सुरू होते. आम्ल शेकडा ०.६ ते ०.८ असते तेव्हा किमची चवीला उत्तम. पण राज्य तेथे थांबत नाही. ते पुढे जात राहते आणि भाजी आंबट, मऊ, शेवटी खाण्याजोगी नाही अशी होते.

म्हणजे किमची टिकविणे याचा अर्थ ही चाल रोखणे नव्हे, ती मंद करणे. येथे थंडीचा संबंध येतो. थंडी या जंतूंना मारीत नाही. त्यांचे पाय जड करते. २५ अंश सेल्सिअसवर किमची साधारण दीड-दोन दिवसांत तयार होते, १५ अंशांवर आठवडा लागतो, ५ अंशांवर तीन ते चार आठवडे, आणि शून्याच्या आसपास ठेवली तर महिनेच्या महिने जातात. शून्याच्या खाली दीड-दोन अंश गेले की तो खारा रस गोठू लागतो, भाजीच्या पेशी फुटतात, आणि वितळल्यावर ती चिंधीसारखी होते. तेव्हा किमचीला हवे ते उष्णतामान फार अरुंद आहे. शून्याच्या जरा वर, आणि दिवसरात्र तेच. गार असणे जितके महत्त्वाचे तितकेच स्थिर असणे.

आता कोरियाची थंडी पाहा. सोल शहराचे जानेवारीचे सरासरी उष्णतामानच शून्याच्या दोन अंश खाली असते. रात्री ते उणे दहावर जाणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. त्या थंडीशी आपल्या लोकांचा एकदा जवळून संबंध आला होता. १९५३ च्या जुलैत कोरियन युद्धाची शस्त्रसंधी झाली, आणि मायदेशी परत जाण्यास तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची राखण भारतीय सेनेकडे आली. त्या राखणदलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे आपल्या कोल्हापूरकडचे. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे नेमका तेथला हिवाळा, आपले जवान त्या देशात होते. ज्या देशात हिवाळ्याचे चार महिने शेतात हिरवे पान उगवत नाही, तेथे भाजी खायची तर ती आधीच करून ठेवली पाहिजे. म्हणून नोव्हेंबरच्या सुमारास आळीतल्या बायका एकत्र जमून साऱ्या हिवाळ्याची किमची एकदम घालीत. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांना शेजारणी जमतात तसेच. या जमण्याला 'किमजांग' म्हणतात; २०१३ साली दक्षिण कोरियाच्या आणि २०१५ साली उत्तर कोरियाच्या नावे युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या वारशात केली. भांडणारे दोन्ही शेजारी एका बरणीपाशी तरी एक आहेत.

(आणखी एक गंमत जाता जाता. किमचीचा तो लाल रंग जुना नाही. मिरची कोरियात पोहोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि आपल्याकडे पोर्तुगीजांनी ती आणली त्याच शतकात. भिवापुरी मिरचीशिवाय रस्सा कसला, असे म्हणणारे आपण आणि लाल किमचीवाले ते, दोघेही या बाबतीत साधारण एकाच वयाचे.)

आता त्या मडक्याकडे वळू. 'ओंगी' नावाचे मातीचे मोठे रांजण मानेपर्यंत जमिनीत पुरायचे आणि वर भाताच्या तणसाचे आच्छादन घालायचे, ही त्यांची रीत. आमची चूक येथे झाली. आम्ही समजलो की ते लोक मडके गारव्यासाठी पुरतात. श्रोतेहो, ते मडके गारव्यासाठी पुरीत नव्हते. गारवा त्यांना अंगणात हवा तेवढा फुकट होता, नको इतका होता. ते मडके पुरीत असत उबेसाठी! उणे दहाच्या हवेत उघडे ठेवलेले मडके गोठून फुटले असते. जमीन त्या हवेपेक्षा उबदार असते, आणि तिच्यात दिवसाचे ऊन व रात्रीचे हिव पोहोचत नाही. तिने किमचीला शून्याच्या जरा वर, एकाच जागी, धरून ठेवले. पुरणे हा थंडी मिळविण्याचा उपाय नसून थंडीपासून बचाव करण्याचा उपाय आहे, हे आम्हाला मडके वाया गेल्यावर कळले.

आणि हे आम्हाला आधीच कळायला हवे होते, कारण कामठ्यातल्या प्रत्येक घरी ते रोज दिसते. पौषाच्या पहाटे विहिरीवर गेलात तर पोहऱ्यातून पाण्याची वाफ निघते, आणि तेच पाणी अंगावर घेतले तर कोमट लागते. हवा दहा-बारा अंशांवर आलेली असते, पण विहिरीचे पाणी पंचविसाच्या आसपासच असते. वैशाखात तेच पाणी गार लागते. पाणी बदलत नाही, आपण बदलतो. जमिनीत हातभर खाली गेले की दिवस-रात्रीचा फरक नाहीसा होतो, आणि आणखी खाली तर उन्हाळा-हिवाळ्याचाही फरक विरत जातो; तेथे त्या गावाचे वर्षाचे सरासरी उष्णतामान तेवढे नांदत असते. सोलची ही सरासरी बारा-तेरा अंश आहे, आणि हिवाळ्यात वरच्या थरात ती आणखी उतरते. आपल्या गोंदियाकडे ती पंचविसाच्या वर आहे. ज्या जमिनीने चार महिने उन्हाळा पोटात घेतला ती पौषातही आपल्या मडक्याला तोच शेक देणार. आम्ही भोवती तणस ठासून त्या मडक्याला वर गोधडीही घातली होती!

उबेसाठी मुद्दाम पुरण्याची रीतही आहे. नेपाळात मुळ्याची 'सिंकी' करतात. त्यासाठी दोन-तीन फुटांचा खड्डा खणून, आत जाळ करून तो तापवतात, राख काढतात, तणस अंथरतात आणि कोमेजलेले मुळे ठासून महिनाभर झाकून ठेवतात. डोंगरातल्या थंडीत मुळा लवकर आंबावा, म्हणून खड्डा. मग मुळा काढून वाळवतात. आम्ही नकळत किमचीची सिंकी केली होती.

मग कामठ्याची थंडी निरुपयोगीच का? तसेही नाही. विदर्भात गारठ्याचे नाव निघाले की गोंदियाचे नाव निघते. थंडीच्या लाटेत पारा सात-आठवर उतरतो. अडचण रात्रीची नाही, दुपारची आहे. पहाटे दहा-अकरा असलेली हवा दोन वाजता सत्तावीस-अठ्ठावीस होते. आम्ही दुसऱ्या खेपेला एक काचेची बरणी गच्चीच्या कठड्यावर ठेवून पाहिली. रात्री ती छान गार होई आणि दुपारी उन्हाने चहाच्या कपासारखी. चौथ्या दिवशी झाकणाने उडी मारली आणि लाल रस भिंतीवर. घट्ट झाकण लावणे ही त्यातली निराळी चूक; आत वायू तयार होतो हे वर सांगितलेच आहे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी काचेच्या बरणीचे झाकण कधीही आवळून ठेवू नये. काच फुटण्याचे भय खरे आहे.

तेव्हा प्रश्न असा उरला की रात्रीचा गारवा धरून ठेवायचा आणि दुपार टाळायची कशी? उत्तर आपल्या माठातच होते. पाणी सुकते तेव्हा ते उष्णता घेऊन जाते; एक ग्रॅम पाणी हवेत उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेते. पावसाळ्यात माठ गार होत नाही कारण हवाच ओली असते. हिवाळ्यात आपली हवा कोरडी असते. सत्तावीस अंशांच्या कोरड्या दुपारी ओले गोणपाट सतरा-अठरा अंशांपर्यंत उतरते. याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने १९८० च्या दशकात विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून भाजी ठेवण्याचा 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' तयार केला. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी पुढच्या दशकात मडक्यात मडके ठेवून, मध्ये ओली वाळू घालून तेच काम केले. दोन्हींना वीज लागत नाही.

तिसऱ्या खेपेला आम्ही असे केले. गुरांच्या पाण्याची एक रुंद मातीची नांद घेतली आणि घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, जेथे हिवाळ्यात ऊन येतच नाही अशा जागी ठेवली. नांदेत पाणी, पाण्यात चिनी मातीची बरणी गळ्यापर्यंत, बरणीवर आणि नांदेवर गोणपाट, गोणपाटाची टोके पाण्यात. बरणी चिनी मातीची घेतली कारण साध्या मडक्यातून खारा रस पाझरतो आणि बाहेर मिठाचे पापुद्रे धरतात. पाझरायचे काम नांदेने करावे, साठवायचे बरणीने. नांदेतले पाणी भरपूर असल्यामुळे ते दुपारी लवकर तापत नाही आणि रात्रीचा गारवा दिवसा पुरवून वापरते.

तणस टाकून दिली नाही. फक्त तिची जागा बदलली. ती नांदेच्या भोवती न घालता खाली वीतभर अंथरली, म्हणजे जमिनीची ऊब वर येणार नाही. ही आमची अक्कल नव्हे. अलाहाबादकडे अठराव्या शतकात हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून बर्फ धरीत असत, हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही! सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या परळांखाली वाळलेल्या काडांचा आणि कडब्याचा जाड थर असे. खालून जमिनीची ऊब तोडायची आणि वर आकाश मोकळे ठेवायचे, म्हणजे भांड्यातली उष्णता थेट आकाशात निघून जाते. दव पडते तेही याच कारणाने. गवत हवेपेक्षा गार होते म्हणून. आम्हीही मग संध्याकाळी नांदेवरचे छप्पर काढू लागलो आणि सकाळी ऊन वर येण्याआधी पुन्हा घालू लागलो.

शाळेतून मागून आणलेल्या उष्णतामापकाने (तापाच्या उष्णतामापकाचा येथे काही उपयोग नाही, तो पस्तिसाच्या खाली उतरतच नाही, हे आम्ही तो विकत आणल्यावर शिकलो) बरणीतले उष्णतामान बहुतेक दिवस चौदा ते सोळाच्या दरम्यान दाखविले. कोरियाच्या मानाने हे काहीच नाही. पण बाहेर ठेवलेली बरणी जेथे चार दिवसांत संपली, पुरलेली सहा दिवसांत उतरली, तेथे ही आठव्या दिवशी खाण्याजोगी झाली आणि पुढे दोन आठवडे चांगली राहिली. माघात आभाळ आले, दोन दिवस हवा दमट झाली, तेव्हा नांदेने काम सोडले आणि आंबटपणा एकदम पुढे सरकला. ते दोन दिवस बरणी फ्रीजमध्येच न्यायला हवी होती.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. मुळा शेंड्यापाल्यासह घ्यावा, स्वच्छ धुवावा, पेराएवढे तुकडे करावेत. मीठ चोळून दोन-तीन तास ठेवावे. तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून निवल्यावर तीत लसूण, आले, पातीचा कांदा आणि तिखट कालवावे. कोरियन मिरची रंगाला गडद पण मवाळ असते. भिवापुरी घ्याल तर निम्मी घ्या. ते लोक खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा खारा रस घालतात. आपल्या आठवडी बाजारातले सुके झिंगे त्या जागी चालतील, आणि न घालताही चालते. तेथल्या बौद्ध मठांत मासळी सोडाच, लसूणही घालीत नाहीत. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी 'दोंगचिमी' करावी. नावातच हिवाळा आहे. मिठाच्या पाण्यात मुळा, आले, थोडी हिरवी मिरची, एवढेच. आमच्या आत्याबाईंनी शेवटी हात लावला तो याच प्रकाराला, आणि त्याचे पाणी त्या भाताबरोबर पितात.

भाजी नेहमी रसाखाली बुडलेली राहिली पाहिजे. यात हयगय नको. वर एक बशी आणि धुतलेला दगड ठेवावा, बरणीत चार बोटे जागा मोकळी सोडावी, झाकण सैल ठेवावे. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांच्या भांड्यांना आंबट वस्तू लागू देऊ नये, हे आपल्या घरी सांगण्याची गरज नाही. वर पांढरी पातळ साय आली तर ती काढून टाकावी. ती बुरशी नव्हे, यीस्टचा थर असतो. पण हिरवी, काळी, गुलाबी, केसाळ अशी काही वाढ दिसली किंवा कुजका वास आला, तर चव घेऊन पाहण्याचा मोह टाळून सारी बरणी उकिरड्यावर रिकामी करावी. आम्लतेचा आकडा, ज्याला पीएच म्हणतात, तो ४.६ च्या खाली गेला की बॉट्युलिझमचे विष करणारा जंतू वाढू शकत नाही. नीट आंबलेली किमची त्याच्याही खाली, ४.५ ते ४.२ वर असते. मोजण्याचे कागद स्वस्त मिळतात. पहिल्या खेपेला ते वापरून पाहावे, नंतर जीभ सांगते. रक्तदाबाच्या रोग्यांनी मात्र ही वस्तू चवीपुरतीच घ्यावी. मीठ कमी करून ती होत नाही. मीठ कमी केले की कुजविणारे जंतू आधी पोहोचतात.

कोणी विचारील, कोरियन माणसांनीही अंगण सोडून फ्रीज धरला, मग तुम्ही नांदेत कशाला? खरे आहे. ते लोक उंच इमारतींत राहायला गेले, पुरायला जमीन उरली नाही, आणि १९९५ पासून केवळ किमचीसाठी म्हणून केलेले फ्रीज तेथे घरोघर गेले. ते शून्याच्या आसपास एकच एक उष्णतामान धरून ठेवतात, म्हणजे जुन्या अंगणातल्या जमिनीचेच काम करतात. ज्याच्या घरी फ्रीजला जागा आहे त्याने खुशाल ती वापरावी. आम्हाला बोलायचे आहे ते वेगळ्या घरांविषयी. पौष-माघात आपल्या बाजारात मुळ्याच्या जुड्यांची काय दशा होते ती सर्वांनी पाहिली आहे. सकाळी भावाने विकली जाणारी भाजी संध्याकाळी मागेल त्या किमतीला सोडतात, आणि जी तरीही उरते ती परत नेण्याचे भाडे परवडत नाही म्हणून गुरांपुढे टाकतात. चार महिने पाण्यात उभे राहून धान पिकविणारा माणूस रब्बीला दोन वाफे भाजीचे करतो, ते अशा रीतीने जातात. आंब्याचे लोणचे घालणारे आपण, मुळ्याचे काही करीत नाही. कारण तेल-मोहरीचे लोणचे महाग पडते आणि पाणीदार मुळा त्यात नीट राहत नाही. मिठात आंबवायला तेल लागत नाही. पाच किलो मुळ्याला सव्वाशे ग्रॅम मीठ लागते. तीन आठवड्यांची मुदत ही फार नव्हे, पण पडलेला भाव सावरायला तीन आठवडे पुष्कळ असतात, आणि घरात खाणारी तोंडे असली तर बरणी तितके दिवस पुरतही नाही.

आमच्या अनुभवाने नांदेचा हंगाम मार्गशीर्षापासून माघाच्या मध्यापर्यंत धरावा. दुपारचा पारा तिशी ओलांडू लागला की पहाटेच्या गारव्याच्या भरवशावर राहू नये. नांद गुरांना परत द्यावी. त्या वेळी बरणीच्या तळाशी जी फार आंबट झालेली किमची उरते ती फेकायची नाही. कोरियात ती मुद्दाम राखून तिचा रस्सा करतात, कारण ताज्या किमचीने त्याला चव येत नाही. आम्ही ती फोडणीला टाकून, मूठभर तुरीची डाळ घालून शिजवली, आणि भाताबरोबर खाल्ली. आत्याबाईंनी दुसऱ्यांदा घेतली, पण काय आहे ते विचारले नाही.